पेवातली हाळी

साताऱ्यात एका मंगल कार्यालयात नवरीला हळद लावायचं चाललं होतं आणि मी जेवणाच्या ताटावरून उठून चालू लागले. यजमानीणबाईंना वाटलं, वाढण्यात काही कमी पडलं. मागून कुणी तरी म्हणालं, बाईंचं डोकं पहिल्यापासूनच गरम. ते खरं आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि माझ्या डोक्याची ख्याती माझ्याआधी वर्गात पोचायची. पण त्या दिवशी दोष डोक्याचा नव्हता. स्पीकरवर ते गाणं लागलं होतं. कुणी तरी नव्यानं, ताशा घालून वाजवलेलं, पण तेच. ‘हाय का?’ ‘हाय!’ पोरंपोरी हात वर करून नाचत होती. चौथ्या हाळीला सगळा हॉल एकसुरात ‘हाय!’ म्हणून ओरडला आणि माझ्या हातातला घास तसाच ताटात पडला.

ते गाणं मी लिहिलंय. लग्नासाठी लिहिलेलं नाही. माझा बाप कसा मेला ते त्यात लिहिलं होतं. आता पन्नास वर्षं होत आली, तरी हे कुणाला समजावून सांगायला लागले की माझा आवाज चढतो. चढू दे.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीच्या पोटात खणलेल्या खोल, गोल कोठ्या. वर माणूस कसाबसा शिरेल एवढंच तोंड. आत हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, कारण आत हवाच उरायची नाही. जिथं किडा जगत नाही तिथं माणूस कसा जगेल? म्हणून पेव उघडायची रीत ठरलेली होती. तोंड मोकळं करून अर्धा दिवस तसंच सोडायचं. मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर कुणीही उतरणार नाही, मालक कितीही आदळआपट करू दे.

आणि माणूस उतरला की हाळी. एक गडी तोंडाशी बसायचा. आतला पाट्या भरायचा, वरचा दोरानं ओढून घ्यायचा. आतल्याच्या कमरेला दुसरा दोर बांधलेला असायचा. वरचा दर थोड्या वेळानं आत तोंड घालून ओरडायचा, ‘हाय का?’ आतून यायचं, ‘हाय.’ उत्तर आलं नाही तर पाटी गेली खड्ड्यात, कमरेचा दोर ओढायचा. तोंडाशी बसलेल्यानं तंबाखूसुद्धा मळायची नाही, असा दंडक होता. ही हाळी हमालांच्या अंगात इतकी मुरलेली असायची की मार्केट यार्डात कुणी गमतीनं ‘हाय का?’ म्हटलं, तरी चहाच्या गाड्यावर पाठमोरा उभा असलेला माणूस न वळता ‘हाय’ म्हणून मोकळा व्हायचा.

माझा बाप, आम्ही त्याला आबा म्हणायचो, पेवात उतरायचा. पाटणकडची आमची जमीन कोयनेच्या पाण्याखाली गेल्यावर तो आम्हाला घेऊन सांगलीला आला आणि हमालीला लागला. अंगानं काटक, खांद्यानं अरुंद, म्हणून आत उतरायचं काम त्याच्याकडंच. तोंडाशी बसायला त्याचा जोडीदार. त्याला आम्ही काका म्हणायचो. दोघांनी मिळून किती पेवं रिकामी केली असतील, त्याला मोजदाद नाही.

त्या दिवशी मालाचा ट्रक येऊन उभा होता. पेव सकाळीच उघडलेलं, अजून अर्धा दिवस झाला नव्हता. व्यापाऱ्याचा दिवाणजी म्हणाला, कंदिलात रॉकेल न्हाई, आणि एवढ्या उन्हात कंदील कशाला पायजे, उतर. बाप उतरला. तीन हाळ्यांना उत्तर आलं. चौथ्याला आलं नाही. वर काढला तेव्हा तोंडावर, मिशीत, पापण्यांत सगळी हळद होती.

संध्याकाळपर्यंत दिवाणजीनं यार्डभर करून टाकलं, ‘पिऊन उतरला. आमी नगं म्हणत हुतो.’ माझा बाप दारूला शिवत नव्हता, असं मी म्हणणार नाही. शिमग्याला प्यायचा, आणि प्याला की रडायचा. पण पेवात उतरायच्या दिवशी तो चहासुद्धा घ्यायचा नाही. हे सगळ्या हमालांना ठाऊक होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. नळावर बायका आईला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या, ‘दारूनं घालवला गं.’ आई कळशी भरायची आणि घरी यायची. मी तिला म्हणायचे, आये, एकदा तरी बोल की. ती म्हणायची, ‘काय बोलू? मी तितं हुते का?’ मला तिचाही राग यायचा. त्या वयात मला सगळ्यांचाच राग यायचा, आणि अजूनही मला त्यात फारशी चूक दिसत नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा फौजेत होता, शिलाँगला. तार पोचून तो घरी येईपर्यंत सगळं उरकलं होतं. पुढं दोन वर्षांनी तो फौज सोडून आला तो हिरव्या ट्रंकेबरोबर एक इलेक्ट्रिक गिटार घेऊनच. शिलाँगमध्ये पोरं रॉक वाजवायची. सुट्टीच्या दिवशी हा जाऊन ऐकायचा आणि ऐकता ऐकता शिकला. सांगलीत हे वाद्य कुणी पाहिलं नव्हतं. शेजारी विचारायचे, ‘ह्ये इस्त्रीगत वायर लावून वाजतंय व्हय?’

मिरजेचे दोघे, एकमेकांचे मावसभाऊ, त्याला येऊन मिळाले. एकाच्या घरचा ब्रास बँड होता. वरातीत ड्रम वाजवून तो कंटाळला होता. दुसऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी नि तंबोरे बनायचे. त्यानं दादाच्या गिटारीवरून माप घेऊन एक बेस गिटार स्वतः तयार केली. दांडीला तंबोऱ्याचंच लाकूड, आणि दांडीवर हस्तिदंतासारखी पांढरी वेलबुट्टी, कारण तिच्याशिवाय वाद्य घराबाहेर काढायचं नाही असं त्याच्या वडिलांनी बजावलं होतं. माधवनगरला गिरणीमागं एक रिकामं गोदाम मिळालं. तिथं हे तिघं वाजवायचे आणि मी पोत्यावर बसून शब्द लिहायचे. भोंगा झाला की गिरणीतून सुटलेले कामगार दारात उभे राहायचे, डोक्यात कापसाचे तंतू, आणि ‘हां, लय मोठ्यानं वाजीव’ म्हणून फर्मावायचे.

दादाचं म्हणणं एकच होतं. शिलाँगची पोरं परक्यांच्या गावांची गाणी म्हणतात. आपण आपल्या गावाचं म्हणायचं. सांगली म्हणजे नुसतं गणपतीचं देऊळ आणि भडंग नव्हे. मग आम्ही एकेक जमवत गेलो. गिरणीचा भोंगा आणि त्या भोंग्यावर जगणारी घरं. पुराचं पाणी कुठवर आलं त्या रेघा, आणि दर वेळी त्या रेघेखालीच राहायला लागणारी माणसं. तुरुंगाची भिंत. ऊसतोडणीच्या गाड्यांखाली जन्मलेली पोरं. आठ गाणी झाली. आठवं पेवाचं.

ते मी एका बैठकीत लिहिलं. दादानं त्याला तीनच सूर दिले, खालचे, जड. बेस आधी सुरू व्हायची, मग ड्रम, मग गिटार अशी खरखरत यायची की गोदामाचे पत्रे थरथरायचे. ‘दिवा सोडला न्हाई, माणूस सोडला’ असं ध्रुपद. मग हाळी. दादा ओरडायचा, ‘हाय का?’ आणि बेसवाला दबक्या आवाजात म्हणायचा, ‘हाय.’ असं तीनदा. चौथ्या हाळीनंतर कुणी काही वाजवायचं नाही. आठ मात्रा पूर्ण शांत. ड्रमवाला मनात मोजायचा. मग पुन्हा नुसता ड्रम. मला वाटायचं, ही रेकॉर्ड निघाली आणि त्या आठ मात्रा घराघरांत ऐकू गेल्या की नळावरच्या बायका गप्प बसतील. मला दुसरं काही नको होतं.

गणपतीत माधवनगरला आम्ही ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. सांगलीहून हमालही आले होते. चौथी हाळी झाली आणि मांडवात एवढी माणसं असून एक पोर रडलं नाही. गाणं संपल्यावर काका स्टेजमागं आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘पोरी, चांगलं लिवलंयस. पर तसं झालं न्हाई.’

मी म्हटलं, ‘मग कसं झालं?’

‘चवथ्या हाळीला आवाज आला. पर वरनं आला. दिवाणजी माझ्या पाठीशी हुबा हुता. त्योच म्हणाला, हाय, हाय, काम थांबवू नगा. मला कळलं की गं त्यो कुणाचा आवाज हाय. तरी मी कमरंचा दोर सोडून पाटीचा वढला. दोन पाट्या काढल्या. दुसरी रिकामी आली तवा…’ मग माझे हात धरून म्हणाला, ‘तुज्या आयला सांगू नगंस.’

मी त्याच्या हातातून हात काढून घेतले. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याच्याकडं त्या दिवशी मला बघवेना. घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. गिटारची तार पिळता पिळता तो म्हणाला, गाणं आहे तसंच ठेवू. शांतता तर खोटी न्हाई. आबा बोललाच नव्हता. मला ते पटलं.

मुंबईच्या एका कंपनीला आमची गाणी पसंत पडली, म्हणजे तिथल्या एका साहेबाला पडली. आम्ही चौघं वाद्यं सांभाळत गेलो. सात गाणी झाली. साहेब काचेपलीकडं मान डोलवत होता. आठव्याला त्यानं हात वर करून थांबवलं. म्हणाला, मध्ये ही जागा रिकामी का? दादानं सांगितलं. साहेब म्हणाला, ‘अहो, लोकांना वाटेल सुई अडकली. रेकॉर्ड खराब आहे म्हणून दुकानदार परत पाठवतील.’ त्याचा त्यालाच मग एक तोडगा सुचला. बाजूच्या खोलीत कोरसच्या चार मुली दुसऱ्या कसल्या तरी गाण्यासाठी बसल्या होत्या. त्यांना बोलावलं. चौथ्या हाळीला यांनी ‘हाय!’ म्हणायचं, जोरात, आनंदानं. आणि ‘माणूस सोडला’ हे अशुभ वाटतं, तेव्हा ध्रुपदात ‘दिवा लाविला बाई, हळद लागली’ करा. हळदीचं गाणं बाजारात कमीच आहे, हे चालेल, असंही तो म्हणाला.

मी काचेवर हात आपटला. दार उघडून आत गेले आणि ओरडले, ‘अहो, त्या दिवशी हेच केलं होतं! आतला माणूस मेला होता आणि वरून दुसराच उत्तर देत होता!’ साहेबाला काय कळणार? तो घड्याळाकडं बघत होता. कळणारा माणूस एकच होता त्या खोलीत. मी दादाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि गिटार जुळवायला घेतली.

जिन्यात त्याला गाठून मी म्हटलं, ‘तू न्हाई म्हण.’

‘न्हाई म्हटलं तर आठच्या आठ गाणी गेली. त्या दोघांनी घरच्यांची बोलणी खाऊन दोन वर्षं घातलीत. एकच शब्द हाय गं.’

‘त्या एका शब्दापायीच मेला तो.’

‘मला माहीत न्हाई व्हय?’ दादा म्हणाला. पण आत गेला, आणि चौथी हाळी त्यानंच दिली. मुलींनी छान उत्तर दिलं. एका फटक्यात झालं, पुन्हा घ्यावं लागलं नाही.

परतीच्या प्रवासात साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी बोचकं उचलून उतरले. तिथं मावशी राहायची. पुढं मी तिथंच शिकले आणि तिथंच नोकरीला लागले. राग धरणं चांगलं नाही, असं लोक सांगतात. मी तो धरला नसता तर त्या एस्टीत मी दादाला मारलं असतं.

रेकॉर्ड आल्याचं आईनंच पोस्टकार्ड धाडलं. शेजारणीकडून लिहून घेतलेलं, ‘ऐकायला ये.’ मी गेले. दादानं लाउडस्पीकरवाल्याचा रेकॉर्ड प्लेअर मागून आणला होता. आईनं काकालाही बोलावलं होतं. नवऱ्याचं गाणं त्याच्या जोडीदाराशिवाय कसं ऐकायचं, असं तिचं म्हणणं. रेकॉर्डच्या कव्हरवर कृष्णेचा घाट होता आणि घाटावर नटलेली एक नवरी. आईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि चुलीपाशी ठेवलं.

सात गाणी तिनं डोळे मिटून ऐकली. आठवं सुरू झालं. पहिली हाळी. दुसरी. तिसरी. चौथ्याला त्या चार मुली ‘हाय!’ म्हणाल्या. आईनं डोळे उघडले.

‘ह्ये कोन बोललं?’

दादा म्हणाला, ‘कंपनीच्या पोरी हायत आये. गाण्यात घालत्यात तसं.’

‘पर त्यो बोलला न्हवता न्हवं?’ ती काकाकडं वळली. ‘तुमीच सांगितलासा मला. चवथ्याला बोलला न्हाई म्हणून.’

काका बसल्या जागी रडायला लागला. आणि मग त्यानं तिला सगळं सांगितलं. दिवाणजी, पाटीचा दोर, दुसरी रिकामी पाटी. आई ऐकत होती. रेकॉर्ड संपून सुई मधल्या लेबलाशी घसटत होती, ती कुणी उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं डोक्यावरून पदर घेतला आणि मला व काकाला म्हणाली, चला. यार्डात सौद्यांची गडबड होती. त्या व्यापाऱ्याच्या दुकानी पाठीवर पोती घेऊन हमालांची ये-जा चालली होती. आत गादीवर दिवाणजी कुणाला तरी पत्र लिहीत बसला होता, चष्मा नाकावर, मान खाली. हा माणूसही तरुणपणी पेवावरचा हमाल, मग गादीवर चढलेला. आई पायरीशी उभी राहिली. थोडी वाकली, पेवाच्या तोंडाशी वाकतात तशी, आणि ओरडली, ‘हाय का?’

दोघातिघा हमालांची तोंडं उघडली होती. काकानं हात वर केला, तशी ती मिटली. माणसं पोत्यांसकट जागच्या जागी थांबली. आई पुन्हा ओरडली, ‘हाय का?’ शेजारच्या दुकानातला सौदाही थांबला.

तिसऱ्यांदा ती ओरडली. दिवाणजीनं मान वर न करता, लिहिता लिहिता, वैतागून म्हटलं, ‘हाय, हाय, काम थांबवू नगा.’

जिभेनं आपोआप म्हटलं. शब्द न्‌ शब्द तोच. काकानं माझा दंड घट्ट धरला.

आई म्हणाली, ‘दिवाणजी, पेवातला माणूस बोलला न्हवता. तुमी बोललासा.’

त्यानं मान वर केली. आधी आईकडं बघितलं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या काकाकडं. टाक हातातच राहिला. ‘त्यो पिऊन…’ त्यानं सुरुवात केली.

‘कोन पिऊन हुतं?’ आई म्हणाली. ‘हितं समद्यांम्होरं सांगा. कोन पिऊन हुतं?’

एका हमालानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. मग दुसऱ्यानं. कुणी घोषणा दिली नाही की शिवी दिली नाही. त्या दिवशी त्या दुकानचं एक पोतं उचललं गेलं नाही. एवढंच झालं. कुणाला शिक्षा झाली नाही, दिवाणजी पुढं म्हातारा होऊन अंथरुणावर सुखानं मेला. पण नळावर ‘दारूनं घालवला’ हे शब्द त्यानंतर कुणी काढले नाहीत.

दादानं कंपनीला पत्र लिहिलं, आठवं गाणं काढून टाका. कंपनीनं उलट टपाली कळवलं की आठवंच चाललंय, लग्नसराई जोरात आहे, तसं अजून एक द्या. बाकीची सात कुणाला आठवतसुद्धा नाहीत. दादानं मग गिटार त्या हिरव्या ट्रंकेत घातली आणि तो साखर कारखान्यात लागला. तो गेला तोवर आमच्यात बोलणं होतं, येणंजाणं होतं. माफ मात्र मी त्याला केलेलं नाही आणि हे तो जाणून होता.

यार्डातून घरी आल्यावर आईनं काय केलं, तेवढं सांगते. तिनं दादाला रेकॉर्ड लावायला सांगितलं. चौथ्या हाळीशी आल्यावर म्हणाली, थांबव. सुई जिथं होती तिथं बोट ठेवलं. कोनाड्यातून बापाचं दाभण काढलं, पोती शिवायचं, आणि त्या जागी उभी, खोल रेघ ओढली. दादा ‘आये, अगं’ म्हणेपर्यंत ओढून झाली होती.

ती रेकॉर्ड आता माझ्याकडं आहे. हळदीच्या त्या कार्यक्रमातून उपाशी घरी आले आणि भरदुपारी मी ती लावली. तिसऱ्या हाळीला बेसवाला ‘हाय’ म्हणतो. चौथी हाळी होते. मग सुई दाभणाच्या रेघेत अडकते, नुसती खरखरत राहते, आणि मी हातानं उचलेपर्यंत कुणीही उत्तर देत नाही.